दोन पाट्या

दिवाळी तोंडावर आली की मध्यमवर्गीय माणसाच्या दारी दोन प्रकारचे लोक येतात. पहिले रद्दीवाले. ते जुनी वर्तमानपत्रे, मोडका पंखा, तळ गेलेला कुकर घेऊन जातात आणि जाताना हातावर चार पैसे ठेवतात. दुसरे पावतीपुस्तकवाले. ते येतात आणि रद्दीवाल्याने ठेवलेले ते चार पैसे घेऊन जातात. मी गेली बारा वर्षे या दुसऱ्या वर्गात मोडतो. संध्याकाळी हातात पिशवी घेऊन मी बाहेर पडलो, की स्वारी भाजीला निघाली आहे की वर्गणीला, याचा अंदाज आमच्या आळीतले लोक पिशवीच्या फुगीरपणावरून घेतात आणि त्याप्रमाणे समोरून येतात किंवा बोळात वळतात.

हे पावतीपुस्तक आमच्या गावच्या शिक्षणनिधीचे. बारा वर्षांपूर्वी गावातल्या काही मंडळींनी हा निधी काढला. एक निवृत्त बँक अधिकारी, एक डॉक्टर, दोन व्यापारी, एक बांधकाम कंत्राटदार, आणखी तीन प्रतिष्ठित नागरिक आणि शोभेला एक मराठीचा प्राध्यापक. न्यास रीतसर नोंदवला, बँकेत मुदतठेव ठेवली. ठेवीचे व्याज आणि दिवाळीची वर्गणी मिळून वर्षाला दीड-दोन लाख रुपये हाती येतात. गावातल्या नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या शिक्षकांनी जूनमध्ये अर्ज करायचे, जुलैमध्ये आम्ही बैठक घ्यायची, आणि सरकारी अनुदानाच्या कोणत्याच रकान्यात न बसणारी एखादी नवी गोष्ट कुणी करू पाहत असेल, तर तिला पैसे द्यायचे. योजना अशी सरळ आणि साधी.

या सदरातून मी सहसा दुसऱ्यांच्या फजितीच्या गोष्टी सांगतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. पण हा दिवाळीचा अंक. अभ्यंगस्नानाच्या निमित्ताने आपलाही थोडा मळ काढावा म्हणतो.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैतली बैठक. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात आम्ही जमलो होतो. बाहेर पाऊस, आत कांदाभजी. समोर मुख्यत्वे दोन अर्ज होते. पहिला एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांचा. छापील, रंगीत, चित्रांसह. त्यांना एका वर्गात डिजिटल फळा बसवायचा होता. खर्च एक लाख दहा हजार. निम्मी रक्कम गावातले एक व्यापारी द्यायला तयार होते. अट एवढीच, की वर्गाच्या दारावर त्यांच्या वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी बसावी.

दुसरा अर्ज हाताने लिहिलेला, रेघी कागदावर. नगरपालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या एका बाईंचा. मागणी अठरा हजार चारशे रुपयांची. त्यातले नऊ हजार गोष्टींच्या पुस्तकांना, एक हजार ती पुस्तके वर्गात टांगून ठेवायच्या दोऱ्या-चिमट्यांना, सहा हजार त्यांच्या स्वतःच्या आणि शेजारच्या वर्गावरच्या बाईंच्या प्रशिक्षणाला. म्हणजे आठ दिवसांचे एक शिबिर, त्याचे जाणे-येणे आणि राहणे. उरलेले चोवीसशे कशाला? तर महिन्यातून एकदा चार शाळांतल्या शिक्षिकांनी एकत्र बसायचे, त्या दिवशीच्या चहाला आणि छायाप्रतींना. शिबिर कशाचे? तर मुलांना वाचायला कसे शिकवावे याचे.

खजिनदारांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, हे खातं तुमचं. तुम्ही भाषेची माणसं. बोला.”

आणि मी बोललो. प्राध्यापकाला आठ श्रोते आणि गरम भजी मिळाली, की त्याला विनोद सुचू लागतो. मी म्हटले, “वाचायला शिकवण्याचं प्रशिक्षण? बाईंची डी.एड. झाली आहे ना? मग पुढच्या वर्षी आमटीला फोडणी कशी द्यावी याचंही प्रशिक्षण मागतील!”

बैठक हसली. डॉक्टर तर खोकला येईपर्यंत हसले. त्या हशातच बाईंचा अर्ज फायलीच्या तळाशी गेला आणि डिजिटल फळा मंजूर झाला.

रात्री जेवताना मी तो विनोद घरी सांगितला. विनोद यशस्वी झाला की तो घरी सांगण्याची खोड आम्हा नवरे मंडळींना असते. सौभाग्यवती हसली नाही. ताटात आमटी वाढता वाढता म्हणाली, “फोडणी मला आईनं शिकवली. तिच्याशेजारी उभी राहून शिकले. मोहरी कधी तडतडते, हिंग कधी घालायचा, हे कळायला वर्ष गेलं. तुम्ही उद्या घालून दाखवा बघू.”

मी विषय बदलला.

विषय बदलता येतो, पण तो दुसऱ्या दाराने परत येतो. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या वर्गावर मी एका मुलाला धड्यातला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगितला. मुलगा आमच्याच गावच्या शाळांतून आलेला. चुणचुणीत, बोलायला गोड. तो उभा राहिला आणि वाचू लागला. एकेक अक्षर तो असे उचलत होता, की जणू अंधारात पायरी चाचपतो आहे. शब्द संपला की थांबे, आणि पुढचा शब्द लागेपर्यंत मागचा विसरे. पाच ओळी वाचून झाल्यावर मी विचारले, “काय सांगितलं आहे यात?” तो म्हणाला, “सर, मी वाचत होतो ना. माझं लक्ष नव्हतं.”

वर्ग हसला. मला या वेळी हसू आले नाही. वाचत होतो म्हणून लक्ष नव्हते! बारा वर्षे शाळेत काढून हा मुलगा भाषेच्या पदवीवर्गात बसला होता, आणि वाचणे म्हणजे अक्षरांना आवाज देणे, अर्थाशी त्याचा संबंध नाही, एवढेच त्याच्या पदरी पडले होते. त्याला ‘वाचायला’ शिकवले होतेच. कसे शिकवले होते, हा प्रश्न त्या रेघी कागदावर कुणीतरी आम्हाला विचारला होता, आणि मी त्याचे उत्तर फोडणीने दिले होते.

हा एकट्या त्याचा दोष नव्हता. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात मुलांच्या वाचनाची पाहणी होत आली आहे. पाहणी करणारे घरोघर जातात आणि दुसरीच्या पातळीचा छोटा उतारा मुलापुढे धरतात. २०१८ च्या पाहणीत पाचवीतल्या साधारण निम्म्याच मुलांना तो वाचता आला. हे आकडे मी वर्तमानपत्रात वाचले होते, हळहळलो होतो आणि पान उलटले होते. आकडा वर्गात उभा राहून ‘माझं लक्ष नव्हतं’ म्हणतो, तेव्हा पान उलटता येत नाही.

एका शनिवारी सकाळी मी बाईंच्या शाळेत गेलो. वर्गात चौतीस मुले, खिडकीपासून खिडकीपर्यंत सुतळी बांधलेली आणि तिच्यावर चिमट्यांनी अडकवलेली पुस्तके, वाळत घातलेल्या झबल्यांसारखी. बाईंनी मला मागच्या बाकावर बसवले आणि मुलांना विचारले, “काल नवीन काय झालं?” एक मुलगी उठून म्हणाली, “आमच्या मांजरीनं गच्चीवर पिल्लं घातली.” बाईंनी ते वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहिले. सगळ्यांनी बोट फिरवीत ते वाचले. मग बाईंनी ‘गच्चीवर’ हा शब्द पुसला आणि विचारले, “आणखी कुठे घालता आली असती?” उत्तरांचा पाऊस पडला. माळ्यावर, टोपलीत, बाबांच्या बुटात. कोपऱ्यातला एक मुलगा माझ्याकडे बघत म्हणाला, “सरांच्या पिशवीत!” बाईंनी तेही गंभीरपणे फळ्यावर लिहिले. मग मुलांनी पाटीवर आपापले वाक्य लिहिले, शेजाऱ्याला वाचून दाखवले, पुसले आणि नवीन लिहिले. अर्ध्या तासात ‘ग’ला ‘च्च’ जोडले गेले, ‘पि’ला ‘ल्लं’ जोडले गेले, पण अर्थाचे बोट कुणाच्याही हातून सुटले नाही.

मी मराठीचा प्राध्यापक. व्युत्पत्ती सांगेन, वृत्त ओळखेन. पण सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मनात अक्षर आणि अर्थ यांची गाठ कशी बांधावी, हे मला कुणी शिकवले नव्हते आणि मी कधी विचारलेही नव्हते.

मधल्या सुटीत मी विचारले, “बाई, हे कुठे शिकलात?”

“त्याच शिबिरात,” त्या म्हणाल्या. “मे महिन्यात गेले होते. फ्रिजसाठी साठवलेले पैसे होते. फ्रिज काय, अजूनही येईल.”

“आणि पुस्तकं?”

“थोडी घेतली. बरीचशी रद्दीतून. किलोवर मिळतात.”

मी काही बोलणार, तोच त्या शांतपणे म्हणाल्या, “नकाराचं काही वाटलं नाही, सर. पैसा सगळ्यांना पुरत नाही, हे मला कळतं. पण ते फोडणीचं माझ्यापर्यंत आलं. गाव लहान आहे. दोन दिवस वर्गात पाऊल जड झालं होतं.” आणि लगेच, “चहा घेणार ना?”

चहाचा तो पेला मी कसा संपवला ते मलाच ठाऊक. क्षमा मागितली. बाईंनी ती फार लांबू दिली नाही. त्यांना बोलायचे होते ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. “माझं मी केलं. पण शेजारच्या वर्गावरच्या बाई यायला तयार होत्या, त्यांना मी कुठून पैसे देणार? त्या आल्या असत्या तर दोघींनी मिळून ठरवलं असतं, अडलं तर एकमेकींना विचारलं असतं. आता त्यांची बदली झाली. एकटीनं करायचं म्हणजे सर, आपण बरोबर करतोय की चुकतोय, हे सांगायलाही कुणी नसतं.”

परत येताना मी मुद्दाम त्या माध्यमिक शाळेवरून आलो. डिजिटल फळा होता. त्यावर निळ्या मखमलीचे आच्छादन होते. वर्षभर तो चालला. मग ज्या शिक्षकांना तो चालवता येई त्यांची बदली झाली, आणि फळा उघडायचा परवलीचा शब्द त्यांच्याबरोबर गेला. पुढे काहीतरी बिघडले. दुरुस्तीला चौदा हजार सांगितले, तेवढे शाळेकडे नव्हते. दारावरची संगमरवरी पाटी मात्र स्वच्छ होती. मी यंत्राला बोल लावत नाही. चांगल्या हाती ते फळा काय करू शकतात, हे मी पाहिले आहे. पण एक लाख दहा हजारांत, ज्याने तो चालवायचा त्याला शिकवण्यासाठी आम्ही एक रुपयाही धरला नव्हता. आम्ही कढई घेतली आणि फोडणी देणाऱ्याला विसरलो.

प्राध्यापकाला पश्चात्ताप झाला की तो वाचनालयात जाऊन बसतो. मीही बसलो, आणि लक्षात आले की जो धडा मी पन्नाशी जवळ आल्यावर शिकत होतो, तो आपल्याच वडीलधाऱ्यांनी कधीच गिरवून ठेवला होता.

भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांचे पोट भरण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. घरोघरच्या बायकांनी दळणातले मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे, तो मुष्टिफंडही ठाऊक असतो. पण त्या पैशाचे आणि धान्याचे पुढे काय झाले, याकडे आपले लक्ष जात नाही. १९३५ साली भाऊरावांनी साताऱ्यात ग्रामीण प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय काढले. खेड्यात शाळा काढायची तर आधी खेड्यात टिकेल असा शिक्षक घडवला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. त्यानंतर त्यांच्या स्वयंसेवी शाळा गावोगाव पसरल्या. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या धोंडो केशव कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. जिथे लोकल बोर्डाची शाळा पोचली नाही अशा खेड्यांसाठी. त्या वयात आपण पावतीपुस्तक दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होतो.

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, काड्या आणि पाने यांतून साधने केली. मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटले. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९७५ साली केंद्र सरकारने बालविकासाची योजना आणली, तेव्हा तो शब्द देशभर पोचला. साधने फुकटच्या शिंपल्यांची; पण त्यांचा उपयोग जाणणाऱ्या बालसेविका घडवणे हे त्या कामाचे मुख्य अंग होते. शिंपला कुणालाही सापडतो. तो मुलाच्या हाती केव्हा द्यायचा, हे शिकावे लागते.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचे उदाहरण तर आमच्या निधीने भिंतीवर लावावे असे आहे. १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन स्वयंसेवी संस्थांनी सरकारची परवानगी घेऊन सोळा सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा प्रयोग सुरू केला. मुलांनी पाठ करायचे नाही, करून पाहायचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करू लागले. उन्हाळ्यात प्रशिक्षण, महिन्याला शिक्षकांची बैठक, अडेल तिथे शाळेत येऊन मदत. असा सगळा बंदोबस्त होता. १९७८ मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर गेला, १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. म्हणजे तीस वर्षे तो चालला. आमचा मखमली फळा एक वर्ष चालला.

बाईंच्या अर्जातले ते चोवीसशे रुपये आता मला समजले. महिन्याची ती बैठक म्हणजे चहाची चैन नव्हती. होशंगाबादला जे केले, तेच आमच्या गावच्या एका बाईंनी रेघी कागदावर मागितले होते.

या सुमारास कॅलिफोर्नियातल्या माझ्या भाच्याचा फोन आला. दिवाळीला मामाला फोन करण्याची चाल त्याने तिकडे जाऊनही सोडलेली नाही. मी त्याला आमच्या निधीचे रडगाणे ऐकवले, तर तो म्हणाला, “मामा, इथे आम्हीही पावतीपुस्तकच भरतो.” मग कळले ते असे. कॅलिफोर्नियात १९७८ साली मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ संमत करून घरजमिनीवरच्या कराला बांध घातला. शाळांचे बरेचसे उत्पन्न त्या करावर, ते आटले. तेव्हा पालकांनी आणि नागरिकांनी ठिकठिकाणी शिक्षणनिधी काढले. १९८३ पासून फोर्ड प्रतिष्ठानच्या मदतीने असे स्थानिक निधी देशात इतरत्रही उभे राहिले. त्यांची एक पद्धत मला फार आवडली. एकेकट्या शिक्षकाला लहान रक्कम द्यायची. कुणी वर्गात बाग करतो, कुणी गावच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी मुलांकडून लिहून घेतो, कुणी सुटीत शिकायला जातो. रक्कम लहान, पण ती शिक्षकाच्या कल्पनेला मिळते.

“पण मामा, एक दुखणं आहे,” भाचा म्हणाला. “आमच्या वस्तीत पैसेवाले पालक, त्यामुळे आमच्या शाळेचा निधी तुडुंब. पलीकडच्या वस्तीत पालकच दोन-दोन नोकऱ्या करतात, तिथे कोण जमवणार?” ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराने यावर बरीच वर्षे एक तोड वापरली. कुठल्याही शाळेच्या निधीत दहा हजार डॉलरच्या पुढे जी रक्कम जमेल, तिचा तिसरा हिस्सा गरजू शाळांसाठी सामाईक निधीत टाकायचा.

फोन ठेवल्यावर मी आमच्या निधीच्या बारा वर्षांच्या फायली काढल्या. आमच्याकडे डॉलर नाहीत, पण दुखणे तेच होते. छापील, रंगीत अर्जांना पैसे मिळाले होते. रेघी कागदांना बहुधा नाही. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याला मदत, असा आमचा कारभार. आणि ज्या शाळेतल्या बाई पाच तास चौतीस मुलांशी बोलून दमलेल्या, तिथून अर्ज यायचाच कसा?

यंदाच्या जुलैत पुन्हा बैठक झाली. पाऊस तोच, भजी तीच. मी उभा राहिलो आणि आधी तीन वर्षांपूर्वीचा माझा विनोद पुन्हा सांगितला. दोघे-तिघे आठवणीने हसले. मग पुढची हकीकत सांगितली, तेव्हा कुणी हसले नाही. मी मागणी मांडली चोवीस हजारांची. चार शाळांतल्या आठ शिक्षिकांनी वर्षभर महिन्यातून एका शनिवारी एकत्र बसायचे, त्यातल्या दोघींनी शिबिराला जायचे, परत येऊन बाकीच्यांना शिकवायचे, आणि वर्गासाठी पुस्तके. दरवर्षी आपल्यापैकी दोघांनी अर्ज न आलेल्या शाळांत जाऊन ‘तुम्हाला काय करून पाहायचं आहे?’ असे विचारायचे, ही दुसरी मागणी.

कंत्राटदार म्हणाले, “सर, सगळं खरं. पण दाखवायचं काय? देणगीदार विचारतो, माझे पैसे कुठे आहेत? खोली दाखवता येते, फळा दाखवता येतो. बाई शिकली, हे कसं दाखवणार?”

खजिनदारांनी दुसरा मुद्दा काढला. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला अध्यापन साहित्यासाठी वर्षाला पाचशे रुपये मिळत असत. “त्यातून काय आलं?” ते म्हणाले. “तक्ते! भिंतभर तक्ते!”

दोन्ही आक्षेप खोटे नव्हते. मी एवढेच म्हणालो, की पाचशे रुपये दिले आणि त्यांचे काय करावे हे बोलायला सोबत दिली नाही, तर माणूस तक्ताच विकत घेणार. आणि दाखवायचे म्हणाल, तर एकदा माझ्याबरोबर चला, मागच्या बाकावर बसा. बराच वेळ वाद झाला. शेवटी हात वर करायची वेळ आली. पाच विरुद्ध चार. पाचवा हात कंत्राटदारांचा होता. नंतर पायऱ्या उतरताना ते मला म्हणाले, “माझी आई शाळेत बाई होती, सर. तिचं नाव कुठल्याच पाटीवर नाही.”

मला त्या क्षणी दोन पाट्या दिसल्या. एक संगमरवरी, दारावरची. तिच्यावर लिहिलेले पुसायचे नसते, म्हणून ती आपल्याला प्रिय. दुसरी मुलाच्या मांडीवरची. ती रोज दहा वेळा पुसावी लागते. पुसली नाही तर पुढचे वाक्य लिहिता येत नाही. त्या पाटीसाठी दिलेल्या पैशाचे नाव कुठेच उरत नाही. मूठभर धान्य देणाऱ्या बायकांची नावे कुठे कोरली आहेत? आणि तरी पश्चिम महाराष्ट्रातली कितीतरी घरे त्या मुठीवर शिकली.

आता वाचक म्हणतील, सरांनी दिवाळीतही पावतीपुस्तक काढलेच. तसे नाही. तुमच्या गावातही कुठलातरी निधी असेल, माजी विद्यार्थ्यांचा संघ असेल, शाळेचा सुवर्णमहोत्सव असेल. पावतीपुस्तक तुमच्या दारीही येईल. जमेल तसे द्या. फक्त देताना एक प्रश्न विचारा: यातून शिकवणाऱ्याला काय शिकायला मिळणार आहे? उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या वेळी विचारा. मी हा प्रश्न तीन वर्षे उशिरा विचारला, आणि त्या तीन वर्षांत शेजारच्या वर्गातून तीन तुकड्या पुढे सरकल्या. त्यातली किती मुले उद्या माझ्या वर्गात उभी राहून ‘माझं लक्ष नव्हतं’ म्हणतील, याचा हिशेब कुठल्याही फायलीत नाही.

हिशेबावरून आठवले. पहिल्या हप्त्याचे सहा हजार बाईंना ऑगस्टमध्ये दिले होते. परवा, घरात चकल्यांचा घाणा सुरू असताना, त्यांच्या वर्गातला एक मुलगा पाकीट घेऊन आला. आत रेघी कागद. पुस्तके ४,२१० रुपये. छायाप्रती ६२५. चार शनिवारांचा चहा आणि पोहे ९४०. सुतळी आणि चिमटे २१०. एकूण ५,९८५. शिल्लक १५, सोबत परत. खाली पाकिटात एक दहाचे आणि एक पाचचे नाणे.

मी मुलाला म्हटले, “बाईंना सांग, मिळाले.” तो जाईना. पाकिटावर माझे नाव लिहिलेले होते, त्यावर बोट ठेवून त्याने ते सावकाश वाचले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “तुम्हीच ना ते? पिशवीवाले सर?”

सौभाग्यवतीने आतून त्याच्यासाठी गरम चकली आणली.